छाती काढा, लेन्स पुसू नका

धंद्याला जे लागते ते सगळे तुमच्याकडे आहे असे धरून चालतो. माल चोख आहे, हिशेब पक्का आहे, गिऱ्हाईक समोर उभे असले की अर्धा तास न थांबता बोलता येते. घोडे अडते ते धंद्याच्या व्हिडिओसाठी फोन उभा करून लाल बटण दाबल्यावर. समोरचा मान डोलवत नाही, हुंकार देत नाही, घासाघीससुद्धा करत नाही, आणि अशा मुक्या श्रोत्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळते. घाबरू नका. आत्मविश्वास यायला वेळ लागतो. तो असल्यासारखे दिसायला एक दुपार पुरते. त्या दुपारचा कार्यक्रम सांगतो.

सगळ्यात आधी खरेदी. आत्मविश्वास विकत मिळत नाही असे म्हणणाऱ्यांनी रिंग लाइट नावाचा कड्यासारखा गोल दिवा पाहिलेला नसतो. मिळेल तो सर्वांत मोठा आणा आणि बरोबर नाकासमोर, अगदी जवळ उभा करा. त्याने चेहऱ्यावरच्या सावल्या जातात, सावल्यांबरोबर गाल-नाकाचे उठावही जातात आणि चेहऱ्याची छान सपाट पाटी होते. चष्मा असेल तर सोन्याहून पिवळे: दोन्ही काचांत दोन पांढऱ्या चकत्या उमटतात आणि डोळे दिसण्याचा प्रश्नच मिटतो. काही चिकित्सक लोक दिवा डोळ्यांच्या पातळीच्या वर चढवतात, एका बाजूला साधारण 45 अंशांवर नेतात आणि चष्म्याच्या काड्या कानांवर जराशा उचलतात. मग काचा किंचित खाली झुकतात आणि दिव्याचे प्रतिबिंब लेन्सकडे न जाता जमिनीकडे जाते. जाऊ द्या त्यांना. दिवा दिसलाच नाही, तर तो आणल्याचे लोकांना कळणार कसे?

खोलीला खिडकी असेल तर तिच्याकडे पाठ करून बसा. कॅमेरा आपणहून उजेड ठरवतो तो सगळ्या चौकटीचा हिशेब करून. मागे लख्ख आभाळ दिसले की तो एकूण उजेड उतरवतो. आभाळ सुरेख येते आणि तुमच्या जागी एक काळी आकृती बोलत राहते. ओळख लपवून साक्ष द्यायला आलेल्या माणसासारखे हे दृश्य धंद्याबद्दल विलक्षण विश्वास निर्माण करते. खिडकीकडे तोंड केले तर तोच मऊ उजेड फुकटात चेहऱ्यावर पडतो, पण फुकटच्या गोष्टीने कुणाचा रुबाब वाढल्याचे ऐकिवात नाही. आणखी एक: पडद्यावर आपल्या चेहऱ्यावर बोट दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच कुलूपबंद होतो. तसे करू नका. कुलूप नसले की तुम्ही हात हलवताच किंवा बाहेर ढग येताच चेहरा उजळतो, काळवंडतो, पुन्हा उजळतो. आयते नाट्य मिळते.

घरातले स्वस्त एलईडी दिवेही चालू राहू द्या. विजेच्या पुरवठ्याची वारंवारता 50 हर्ट्झ असेल तर असे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. शटर त्या तालाशी जुळलेले नसले की चित्रावरून काळपट पट्टे सावकाश सरकू लागतात. शटर सेकंदाच्या 1/50 किंवा 1/100 वर ठेवले, आणि 60 हर्ट्झच्या पुरवठ्यावर 1/60 किंवा 1/120 वर, तर पट्टे जातात. पण त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये शिरावे लागेल, आणि खरा आत्मविश्वास म्हणजे सगळे ‘ऑटो’वर सोडणे.

लेन्स मात्र पुसू नका, हे शीर्षकातच सांगितले आहे. दिवसभर खिशात आणि हातात फिरलेल्या फोनच्या काचेवर बोटांचा तेलकट थर बसतो. त्यामुळे प्रत्येक दिव्याभोवती धूसर झालर येते आणि काळा रंग राखाडी पडतो. मऊ सुती कापडाचे दोन फेरे मारले की ती जाते. पण मग तो स्वप्नाळू धूसरपणा पुन्हा आणायला फिल्टर लावावा लागेल.

आता फोन कुठे ठेवायचा? टेबलावर, कपाला टेकवून. लेन्स खालून वर पाहू लागली की प्रेक्षकाला तुमच्या नाकपुड्या, हनुवटीखालचा ऐवज आणि डोक्यावर गरगरणारा पंखा हे सारे एका चौकटीत मिळते. चार जाड पुस्तके खाली सरकवून लेन्स डोळ्यांच्या रेषेत आणणे हा पुस्तकांचा अपमान आहे. अंतर जितके कमी तितके उत्तम. हाताने धरून 30 सेंटीमीटरवर आणलात तर नाक लेन्सच्या जवळ आणि कान बरेच लांब असतात, त्यामुळे नाक फुगते आणि कान मागे पळतात. दीड मीटरवरून तेच अंतर किरकोळ ठरते आणि चेहरा आपल्या आकारात येतो. पण तेवढ्या लांबून पडद्यावर स्वतःला नीट न्याहाळता येत नाही, आणि स्वतःला न्याहाळणे हा तर या साऱ्या उद्योगाचा गाभा आहे.

म्हणून बोलताना लेन्सकडे मुळीच पाहू नका. पडद्यावर तुम्ही आहात, केस नीट आहेत का ते पाहायचे आहे, भुवई उजवी की डावी जास्त वर जाते हे तपासायचे आहे. उभ्या धरलेल्या फोनची पुढची लेन्स वरच्या कडेला असते आणि तुमचा चेहरा असतो पडद्याच्या मध्यावर. त्यामुळे प्रेक्षकाला वाटते की तुम्ही त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीशी बोलत आहात. मध्येच आठवण झाली की झटकन लेन्सकडे पाहा आणि लगेच परत या. ही ये-जा जितकी जलद, तितके तुम्ही काहीतरी लपवत आहात असे वाटते, आणि गूढ माणसांकडून लोक आवडीने खरेदी करतात. लेन्सच्या शेजारी छोटा रंगीत बाण चिकटवणारे, पडद्यावर कागद लावून स्वतःला झाकून टाकणारे किंवा कॅमेऱ्यामागे एका माणसाला उभे करून त्यालाच सगळे समजावून सांगणारे लोक अरसिक होत. त्या शेवटच्या युक्तीने तर बोलणे इतके साधे येते की प्रेक्षकाला व्हिडिओ पाहतोय हेच विसरायला होते.

रेकॉर्ड केलेले पाहिल्यावर ‘हा मी नव्हेच’ असे वाटले पाहिजे. वाटेलच. पुढच्या कॅमेऱ्यात बोलताना तुम्ही स्वतःला आरशासारखे पाहत असता. जतन झालेली फीत बऱ्याचदा सुलट असते, भांग दुसऱ्या बाजूला जातो आणि सारा चेहरा वाकडा भासतो. 1977 साली मिता, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी लोकांना स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक सुलट आणि एक आरशातल्यासारखा उलटा. माणसांना स्वतःचा आरशातला चेहरा अधिक आवडला, त्यांच्या मित्रांना सुलट. म्हणजे ज्यांना तुमचा चेहरा खरोखर पाहावा लागतो त्यांची त्याबद्दल तक्रार नसते. आवाजाचेही तसेच. स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. हाडांतून येणारा भाग त्याला भरदारपणा देतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो आणि आपण चिरक्या आवाजाचे निघतो. ही दोन्ही स्पष्टीकरणे वाचून लगेच विसरून जा. लक्षात राहिली तर पहिलाच व्हिडिओ पाहून खचून जाण्याचे आणि दीड वर्ष कॅमेऱ्याला हात न लावण्याचे कारणच उरणार नाही.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो: त्याकडे अजिबात लक्ष देऊ नका. चित्र थोडे वाईट असले तर माणूस सोसतो. आवाज घुमायला लागला की त्याचा अंगठा वर सरकतो. आपल्याला त्या अंगठ्याला व्यायाम द्यायचा आहे. उघड्या भिंती, फरशी आणि काचा असलेली रिकामी खोली निवडा. फोन दोन-अडीच मीटर लांब ठेवा आणि त्याच्याच माइकवर विसंबा. बोलणाऱ्यापासून माइकचे अंतर दुप्पट झाले की थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो, भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. तुम्ही दूर गेलात की खोली जवळ येते, एवढे सोपे गणित आहे.

कुणी कॉलरचा माइक दिलाच तर तो शर्टाच्या आत, कापडाखाली लावा; म्हणजे श्वासागणिक खसखस ऐकू येईल. गळ्यात साखळी असेल तर ती बरोबर त्यावर आपटेल अशी मांडणी करा. हनुवटीच्या खाली एक वीत, कापडाच्या बाहेर, वायर आतून नेलेली, हा झाला मवाळ मार्ग. पडदे ओढणे, गादी भिंतीला उभी करणे, कपड्यांचे कपाट उघडे ठेवून त्याच्याकडे तोंड करून बोलणे हेही मवाळांचेच उद्योग. त्यांतले काही तर पंखा आणि फ्रिज बंद करतात, आणि फ्रिज पुन्हा सुरू करायची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात. किल्लीशिवाय निघता येत नाही, त्यामुळे फ्रिज उघडावाच लागतो. इतका विचार करणाऱ्या माणसाला आत्मविश्वास दाखवायला वेळ कधी मिळणार?

चाचणी घ्यायचीच झाली तर हळू आवाजात ‘हॅलो, हॅलो, वन टू’ म्हणा आणि पातळी त्यावर ठरवा. मग प्रत्यक्ष बोलताना तारसप्तकात जा. आवाजाचे सर्वांत उंच टोक उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहिले तर शून्याआधी, म्हणजे रेकॉर्डिंगला पेलेल त्या वरच्या टोकाआधी, थोडी जागा उरते. शून्य ओलांडले की आवाज फाटतो आणि एकदा फाटलेला आवाज नंतर कुणाला नीट शिवता येत नाही. दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकणे टाळाच. वायरलेस माइक म्यूटवर होता हे पाऊण तासाचे चित्रीकरण संपल्यावर कळण्यात जी मजा आहे, ती दहा सेकंदांत कशी येईल?

यानंतर देहबोली. या विषयावर तुम्हाला एक आकडा सगळीकडे ऐकवला जाईल: संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, स्वराचा 38 आणि देहबोलीचा 55. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 सालच्या प्रयोगांतून आला. ते प्रयोग एवढेच पाहत होते की बोलणाऱ्याचा शब्द एक सांगतो आणि सूर किंवा चेहरा दुसरेच, तेव्हा त्याला आपण आवडतो की नाही हे ऐकणारा कशावरून ठरवतो. मालाची हमी किती वर्षांची हे चेहऱ्यावरून 55 टक्के समजते असे त्यांनी कधी म्हटले नव्हते. पण तुम्ही आकडा धरून ठेवा. शब्दांचे फक्त 7 टक्के असतील तर शब्दांची तयारी करण्यात काय हशील?

तसेच ‘पॉवर पोज’ नावाच्या वीरासनाचे. 2010 मध्ये डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी यॅप यांच्या शोधनिबंधात असे होते की एक-दोन मिनिटे छाती काढून, हात-पाय फाकवून बसले-उभे राहिले की अंगातली संप्रेरके बदलतात आणि माणूस धीट होतो. 2015 साली मोठ्या गटावर हाच प्रयोग केला तेव्हा संप्रेरके जागची हलली नाहीत. लोकांना आपण जरा भारी आहोत असे वाटले इतकेच. पुढच्याच वर्षी कार्नी यांनी स्वतः जाहीर केले की हा परिणाम खरा आहे यावर आपला विश्वास उरलेला नाही. मूळ लेखिकेने अंग काढून घेतले म्हणून तुम्ही छाती आत घेण्याचे कारण नाही. कमरेवर हात ठेवून खोलीत उभे राहा. कुणी दार उघडले तर ‘पाठ दुखतेय’ म्हणा.

धडधड होईलच. अॅड्रेनलिन वाढले की श्वास वरवर चालतो, आवाजाची पट्टी चढते, तोंड कोरडे पडते, हात थरथरतात. यावर स्वतःला दरडावणे हाच उपाय: ‘शांत हो, लोक बघतायत.’ श्वास चार मोजून आत आणि सहा मोजून बाहेर, असे पाच-सहा फेरे केले किंवा आधी भराभर जिना चढ-उतर केली तर अंगातली खळबळ थोडी खर्ची पडते. पण कॅमेऱ्यासमोर घामाघूम व्हायचे ते बोलताना, आधीच कशाला? सवित्स्की आणि गिलोविच यांनी 2003 मध्ये दाखवले की भाषण करणाऱ्याला आपली घबराट जितकी उघडी पडल्यासारखी वाटते, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नसते, आणि ही गोष्ट आधी सांगितलेल्यांची भाषणे अधिक चांगली झाली. तुम्हाला आम्ही आत्ताच ती सांगून बसलो. कान बंद करा.

बसायला फिरती खुर्ची घ्या. दर वाक्याला पाच अंश डावीकडे, पाच अंश उजवीकडे. कपडे बारीक चौकड्यांचे किंवा अगदी जवळच्या रेघांचे. कॅमेऱ्याच्या ठिपक्यांशी त्या रेघांची जुगलबंदी होऊन शर्टावर रंगीत लाटा उठतात आणि सगळ्यांचे लक्ष तिथे जाते. माल दाखवायची वेळ आली की तो एकदम लेन्सवर ठोसा मारल्यासारखा पुढे आणा आणि फोकसला सापडायच्या आत मागे घ्या. वस्तू चेहऱ्याशेजारी, चेहऱ्याच्याच अंतरावर, दोन सेकंद स्थिर धरली की ती दिसते. दिसली की लोक तिच्याबद्दल प्रश्न विचारतात.

संहिता लिहिताना बोलण्यातली मराठी वापरायची नसते. ‘आमच्या इथे हे दुरुस्त करून मिळते, दोन दिवस लागतात’ असे कुणी कॅमेऱ्यासमोर म्हणते का? ‘सदर सेवा आमच्या आस्थापनेतर्फे तत्परतेने उपलब्ध करून देण्यात येते’ असे हवे. त्यात ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’ आणि ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ ही दोन वाक्ये आलीच पाहिजेत, कारण कोणत्याही धंद्याच्या व्हिडिओत ती बेमालूम बसतात. धंदा कोणता हे सांगायची गरजच उरत नाही. सुरुवात ‘नमस्कार मित्रांनो’ने. मग नाव, मग संस्थेचा इतिहास, मग ‘आजच्या व्हिडिओमध्ये आपण पाहणार आहोत’. तोवर पंधरा सेकंद गेलेली असतात आणि मित्रही.

आरामात बोलले तर मिनिटाला साधारण 120 ते 150 शब्द होतात. म्हणून एका मिनिटाच्या व्हिडिओसाठी निदान 300 लिहा आणि धाप लागेपर्यंत पळा. सगळे शब्दशः पाठ करा. पाठ केलेल्या मजकुराची गंमत अशी की एक शब्द निसटला की पुढचे सगळे ओघळते, आणि डोळे छताकडे जाऊन तिथे ओळ शोधू लागतात. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन मुद्दे लिहून लेन्सखाली चिकटवणारा माणूस अडखळला तरी स्वतःच्या शब्दांत पुढे जातो, पण त्याचे प्रत्येक टेकमधले वाक्य वेगळे येते, आणि एवढी अनिश्चितता कुणाला परवडते?

टेलीप्रॉम्प्टर, म्हणजे संहिता पडद्यावर सरकवत दाखवणारे यंत्र, वापरणार असाल तर अक्षरे बारीक ठेवा, ओळी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरवा आणि अगदी जवळ बसा. मग तुमची बुबुळे टेनिसच्या चेंडूमागे लागल्यासारखी डावी-उजवी धावतील. अरुंद रकाना, मोठी अक्षरे, लेन्सच्या लगत मजकूर आणि दीड-दोन मीटर अंतर ठेवले की बुबुळे फारशी हलत नाहीत आणि वाचतोय हे चटकन उमगत नाही. मजकूर सरकण्याचा वेग आधी पक्का करा आणि त्यामागे धावा. दुसऱ्या माणसाने तुमच्या बोलण्याप्रमाणे मजकूर सरकवला तर तुम्हाला मध्ये श्वास घ्यायची चैन सुचेल. कंसात ‘स्मितहास्य’ असे लिहून ठेवले असेल तर तेही मोठ्याने वाचा.

चूक झाली की ताबडतोब थांबा, ‘सॉरी सॉरी’ म्हणा, केसांवरून हात फिरवा आणि ‘नमस्कार मित्रांनो’पासून पुन्हा सुरू करा. अशाने पहिले वाक्य चाळीस वेळा म्हणून होते आणि शेवटचे एकदाही नाही. न थांबता दोन सेकंद गप्प राहून तेच वाक्य सुरुवातीपासून म्हणणारे लोक नंतर मधला तुकडा कापून टाकतात. काही जण चुकीच्या जागी एक टाळी वाजवतात, म्हणजे संपादन करताना आवाजाच्या आलेखात तो सुळका लगेच सापडतो. बटण दाबल्या दाबल्या बोलायला लागा आणि शेवटचा शब्द तोंडात असतानाच हात बटणाकडे न्या. आगे-मागे दोन सेकंद मोकळी सोडली तर कापायला जागा मिळते, ती देऊ नका. फोन एअरप्लेन मोडवर टाकू नका, जागा रिकामी आहे का ते पाहू नका. 4के चित्रीकरण मिनिटाला शेकडो मेगाबाइट खाते, त्यामुळे ‘स्टोरेज फुल’ ही पाटी तुमच्या सर्वांत चांगल्या टेकमध्ये येईल याची जवळजवळ खात्री बाळगता येते. आणि आधीचे टेक लगेच पुसा. तिसरा बरा होता हे तिसाव्यानंतर कळलेच तर पश्चात्तापाला पुरावा नको.

संपादनात वाक्यांमधले सगळे श्वास छाटा, म्हणजे माणूस बोलतोय असे वाटणार नाही. पार्श्वसंगीत तुमच्या आवाजाच्या बरोबरीने ठेवा. ते वीसेक डेसिबल खाली नेले तर शब्द ऐकू येतात. आपोआप निघणारी मराठी उपशीर्षके तपासू नका. मूक ठेवून पाहणाऱ्यांना तुमच्या दुकानाचे नाव तरी नवे वाचायला मिळेल. मुख्य माहिती चौकटीच्या तळाशी आणि उजव्या कडेला लिहा: उभ्या व्हिडिओत अॅपची बटणे आणि मजकूर तिथेच येऊन बसतात आणि दूरध्वनीचे आकडे हृदयाच्या चिन्हाखाली सुरक्षित राहतात.

शेवटी ‘लाइक करा, शेअर करा, फॉलो करा’ हे तिन्ही सांगा, मात्र काय विकता, कितीला, कुठे आणि किती वाजेपर्यंत, यातले काही नको. त्यासाठी ‘अधिक माहितीसाठी इनबॉक्स’ आहे. खाली कुणी विचारेल, ‘रविवारी उघडे असते का?’ त्याला हात जोडलेले चिन्ह आणि तीन लाल हृदये पाठवा. तो पुन्हा विचारेल. मग व्हिडिओची लिंक पाठवा. तरीही सरळ फोनच लावलान, तर उचला, आणि तो काय हवे ते सांगायला लागायच्या आत विचारा, ‘व्हिडिओ कसा वाटला?’